श्वासाचे मोजमाप आणि कामगाराची साक्ष

व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा हा मनुष्य संपाचा नाहीतर बोनसचा इतिहास सांगणार असे त्यांनी धरून ठेवले असावे. त्यांची निराशा करून आम्ही छातीच्या तपासणीचा इतिहास निवडला. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, नुकसानभरपाईच्या अर्जांना जोडलेले वैद्यकीय कागद समोर घेऊन आणि शब्दकोश उघडा ठेवून झाले. सभागृहात कोणी जाणते डॉक्टर असतील, तर त्यांनी आमच्या चुका पदरात घ्याव्यात.

विषय सुचला तो एका प्रसंगाने. दोन वर्षांपूर्वी सूतगिरणीतील एका वृद्ध कामगाराला घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयात गेलो होतो. गृहस्थांची २७ वर्षे कार्डिंग खात्यात गेलेली. हे खाते म्हणजे कापूस विंचरण्याचे. तेथे उन्हाच्या तिरिपेत पाहिले तर हवा दिसत नाही, कापूसच दिसतो. त्यांच्या भरपाईच्या दाव्याला एक कागद कमी पडत होता, त्यासाठी भौतिकोपचार विभागात, म्हणजे ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो तेथे, आम्हांला धाडले होते. एका लांब व्हरांड्यात ३० मीटरांच्या अंतरावर दोन खुणा मांडलेल्या. हातात घड्याळ घेतलेली एक मुलगी त्यांना म्हणाली, "काका, सहा मिनिटं तुम्हाला जमेल तितकं चालायचं. दम लागला तर थांबा, टेका भिंतीला. पण घड्याळ थांबणार नाही हं."

ते चालले. दोनदा थांबले. परत येऊन बाकावर बसले आणि बोलण्याइतका श्वास आल्यावर आम्हांला म्हणाले, "भाऊ, जन्मभर भोंग्यावर चाललो, आता घड्याळावर चालवतात. चालण्याची कसली आलीय परीक्षा?"

त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजचे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर समजावे.

आपल्या भाषेने या बाबतीत एक शहाणपण केले आहे. श्वासाला आपण दम म्हणतो, ताकदीलाही दम म्हणतो, आणि ताकद संपली की माणूस दमतो. श्वास किती आहे आणि त्या श्वासावर माणूस काय करू शकतो, हे दोन प्रश्न मराठी माणसाला वेगळे वाटतच नाहीत. वैद्यकशास्त्राने मात्र ते वेगळे केले, आणि पुन्हा एकत्र आणावयास त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

आरंभ इटलीत करू. मोडेना येथील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न हिप्पोक्रेटिसपासून चालत आले होते, त्यांत आणखी एकाची भर घालावी असे त्याने सुचविले: तुझा धंदा कोणता? अंबाडी आणि जवसाचा वाख विंचरणाऱ्यांच्या छातीत धूळ जाऊन त्यांना खोकला व दमा जडतो, हेही त्याने नोंदले आहे. म्हणजे आमच्या कार्डिंगवाल्याचे दुखणे तीनशे वर्षांपूर्वी एका माणसाला ठाऊक होते, आणि ते कळले विचारल्यामुळे.

पुढची प्रगती झाली ती न विचारता कळावे या दिशेने. ग्रात्स गावच्या खाणावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुग्गर याने १७६१ साली व्हिएन्ना येथे, छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी आहे की हवा हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. बापाच्या तळघरातील पिंपे ठोकून दारू कोठवर आहे ते पाहण्याची सवय त्याला होती, असे सांगतात. १८१६ साली पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लॅनेक याने कागदाची सुरळी करून एका तरुण स्त्रीच्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्या सुरळीचा पुढे स्टेथोस्कोप झाला. हा मोठा मनुष्य स्वतः क्षयाने १८२६ साली वारला. या दोघांचे ऋण कोण नाकारील? परंतु त्या नळीबरोबर एक गोष्ट घडली. डॉक्टरला आता रोग्याच्या छातीचे बोलणे ऐकू येऊ लागले, त्यामुळे रोग्याच्या तोंडचे बोलणे ऐकण्याची निकड कमी झाली.

त्यानंतर आला आकडा. न्यूकॅसलजवळच्या कोळसा मुलखात जन्मलेला जॉन हचिन्सन नावाचा शल्यवैद्य लंडनमध्ये एका विमा कंपनीशी संबंधित होता. त्याने पाण्यात उपडी घंटा टांगून एक यंत्र बनविले. माणसाने छाती भरून श्वास घ्यावा आणि नळीतून सारा सोडावा, की घंटा वर उचलली जाई आणि किती हवा आली ते पट्टीवर वाचता येई. हा स्पायरोमीटर. खलाशी, पोलीस, कुस्तीगीर, भिकारी, सभ्य गृहस्थ अशा दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकावयास लावून त्याने १८४६ साली निष्कर्ष मांडले. पाच ते सहा फूट उंचीच्या माणसांत उंची एक इंचाने वाढली की श्वासाची धारणा आठ घन इंचांनी वाढते, असा नियम त्यात होता. या धारणेला त्याने प्राणक्षमता या अर्थाचे नाव दिले. मनुष्य किती जगेल याचा अंदाज यातून निघेल अशी त्याची आशा होती, आणि विमा कंपनीला नेमके तेच हवे होते! स्वतः हचिन्सन १८५२ साली सोन्याच्या ओढीने ऑस्ट्रेलियास गेला आणि १८६१ साली फिजी बेटांत मरण पावला.

यंत्र खोटे बोलत नाही असे आम्हांला भरपाईच्या कचेरीत अनेकदा ऐकविण्यात आले आहे. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण यंत्राचा आकडा एकटा कधीच बोलत नाही. तो कोणाशी ताडून पाहावयाचा हे माणूस ठरवितो, आणि खरी मेख तेथे असते. अमेरिकेत लुइझियाना संस्थानातील सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, गुलामांच्या फुप्फुसांत गोऱ्यांहून सुमारे एकपंचमांश कमी हवा मावते असे सांगून, मळ्यातील सक्तीचे श्रम त्यांच्या रक्तशुद्धीला पोषकच आहेत असा सिद्धान्त मांडला होता. यादवी युद्धानंतर १८६९ साली बेंजामिन गूल्ड याने सैनिकांच्या मोजमापांचे जाडजूड पुस्तक काढले. त्यात गोऱ्या व काळ्या सैनिकांचे श्वासाचे आकडे शेजारी शेजारी छापले गेले आणि फरक वंशाच्या खाती जमा झाला. तो सैनिक काल-परवापर्यंत गुलाम होता, काय खात होता, कोठे निजत होता, हे त्या रकान्यांत नव्हते. पुढे हा फरक यंत्रातच बसविला गेला: काळ्या माणसासाठी 'योग्य' आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली, आशियाई माणसासाठीही काही टक्क्यांनी खाली.

याचा अर्थ हिशेबाने पाहावा. माणसाचा मूळचा आकडाच कमी धरला, तर त्यातून गमावलेलेही कमी दिसते. १९९९ साली बाल्टिमोरच्या न्यायालयात एका मोठ्या कंपनीने हाच मुद्दा पुढे केला. अॅस्बेस्टॉसने छाती खराब झालेल्या काळ्या कामगारांनी दावा दाखल करण्यापूर्वी गोऱ्या कामगारांपेक्षा अधिक बिघाड दाखवावा, अशी तिची मागणी होती. माणसांच्या छातीत फरक नसतोच असे आम्ही म्हणत नाही. धड आणि पाय यांचे प्रमाण, लहानपणचे खाणे, गावची हवा यांनी फरक पडतो. पण तो वंशाच्या नावे लिहून मोकळे होणे म्हणजे चौकशी बंद करणे होय. अमेरिकेच्या छातीरोग-तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ साली वंशनिरपेक्ष कोष्टके वापरावीत अशी शिफारस केली. गूल्डच्या पुस्तकापासून मोजले तर १५४ वर्षे झाली.

आता साउथ वेल्सच्या खाणींकडे वळू, कारण आमच्या मते या इतिहासाचा मध्यबिंदू तेथे आहे. तेथील खाणकामगारांच्या छातीत कोळशाची धूळ साचत होती आणि त्यांची संघटना भरपाईसाठी झगडत होती. त्या दडपणामुळे १९३७ साली सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने चौकशी हाती घेतली आणि १९४३ साली कोळशाच्या धुळीचा हा रोग भरपाईस पात्र ठरला. जय झाला म्हणावे तर त्याच नियमात एक काटा होता: ज्याला रोगाचा दाखला मिळेल त्याने खाण सोडावयाची. दऱ्याखोऱ्यांत खाणीवाचून दुसरे काम नव्हते. दाखला हाती पडलेली माणसे हजारोंनी बेकार झाली. आमच्या चळवळीतील तरुणांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. मागणी मंजूर झाली की तिच्या खालची कलमे वाचावयास बसावे, मिरवणूक नंतर काढावी.

१९४५ साली कार्डिफजवळच्या लॅन्डॉक रुग्णालयात या रोगाच्या संशोधनासाठी केंद्र निघाले आणि त्यावर चार्ल्स फ्लेचर या तरुण डॉक्टरची नेमणूक झाली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका मरणोन्मुख पोलिसाला पेनिसिलीनचे पहिले इंजेक्शन दिले ते याच फ्लेचरने. केंद्रात क्ष-किरणांची छायाचित्रे निघू लागली, श्वासाची यंत्रे चालू लागली, आणि एक अडचण उभी राहिली. एखाद्याच्या छायाचित्रात धुळीचे ठिपकेच ठिपके, आणि तो डोंगर चढून घरी जातो. दुसऱ्याचे चित्र त्यामानाने स्वच्छ, आणि त्याला बूट घालताना धाप लागते. चित्र आणि माणूस यांचा मेळ बसेना. गिल्सन आणि ह्यू-जोन्स यांनी १९५५ साली फुप्फुसांच्या कार्यावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यातही साध्या धूळरोगात ठिपक्यांची दाटी आणि धाप यांचे नाते फार सैल असल्याचे दिसले.

मग दमाची पायरी ठरवावयाची कशावरून? फ्लेचर आणि त्याच्या सोबत्यांनी जे केले ते इतके साधे आहे की त्यात विद्वत्ता आहे हे पटकन ध्यानी येत नाही. त्यांनी कामगारालाच विचारले, पण नेमके विचारले. घाईने चालताना किंवा थोडा चढ चढताना धाप लागते का? सपाट रस्त्यावर तुझ्या वयाच्या माणसांच्या मागे पडतोस का? स्वतःच्या चालीने चालतानाही शंभर यार्डांवर थांबावे लागते का? कपडे घालताना दम लागतो का, घराबाहेर पडणेच सुटले आहे का? या प्रश्नांवरून पाच पायऱ्या ठरल्या. 'तुझ्या वयाच्या माणसांच्या मागे पडतोस का' हा प्रश्न आम्हांला फार आवडतो. पाळी सुटल्यावर घोळक्याने घरी जाणाऱ्या माणसांचा तो प्रश्न आहे. कोण मागे पडू लागला हे घोळक्याला डॉक्टरच्या कितीतरी आधी कळते. या पायऱ्या, थोड्या फेरफाराने, आजही जगभर वापरल्या जातात. रुग्णालयातल्या त्या मुलीनेही आमच्या गृहस्थांना त्याच विचारल्या होत्या.

कापसाच्या बाबतीत हेच काम रिचर्ड शिलिंग याने लँकाशायरमध्ये १९५० नंतरच्या वर्षांत केले. त्याच्या पायऱ्यांची किल्ली होती सोमवार. रविवारची सुटी घेऊन माणूस सोमवारी कार्डिंग खात्यात आला की दुपारपर्यंत छाती आवळल्यासारखी होते, मंगळवारी बरे वाटते. कापसाच्या धुळीत बोंडाच्या देठापानांचा कचरा आणि जंतूंचे विष असते, त्याने श्वासाच्या नळ्या आकसतात. शरीर त्या माऱ्याला आठवडाभर कसेबसे सरावते आणि सुटीत तो सराव मोडतो. पुढे सोमवारचे दुखणे मंगळवारी राहते, मग आठवडाभर, आणि शेवटी काम सोडले तरी जात नाही. यंत्रावर सोमवारी पाळीच्या आरंभी व अखेरीस फुंकावयास लावले तर फरक दिसतो. पण सोमवारीच फुंकवावे हे यंत्राला कोणी सांगितले? कामगारांनी. आमच्याकडे साप्ताहिक सुटी गावोगाव वेगळी. जेथे सुटी बुधवारी तेथे हे दुखणे गुरुवारी. एका अधिकाऱ्याने आमच्या एका माणसाला 'सोमवारी त्रास होत नाही' एवढ्यावरून निरोगी ठरविले होते, तेव्हा हे समजावून सांगता सांगता आमचाच दम गेला.

मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. विडीने वा इतर कारणाने झालेला दमा आणि कापसाचा रोग वेगळा कसा ओळखावा हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी गिरण्यांचा मोठा संप झाला आणि नंतर एकेक भोंगा बंद पडत गेला. नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कापसाच्या धुळीचा रोग धंदेवाईक रोग म्हणून लिहिलेला आहे. परिशिष्टात शब्द असणे आणि कामगाराच्या हातात दाखला असणे यांतील अंतर मात्र आम्ही पायाने मोजलेले आहे.

हृदयाची कथा थोडक्यात सांगतो. १८ व्या शतकात विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने छातीत कळ येणाऱ्या एका माणसाची हकीकत नोंदली आहे. तो रोज अर्धा तास लाकडे कापू लागला आणि जवळजवळ बरा झाला. ही नोंद विसरली गेली. हृदयविकाराचा झटका आलेल्याला आठवडेच्या आठवडे गादीवर निश्चल ठेवण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ साली अशा रोग्यांना उचलून आरामखुर्चीत बसविले, तेव्हा केवढी खळबळ झाली! खुर्चीतून उभे राहणे आणि उभे राहून चालणे ही पुढची पाऊले होती. आता प्रश्न आला की किती चालवावे, आणि तो ठरविण्याचे काम भौतिकोपचारकांकडे आले.

या धंद्याचा जन्म मान्यवरांच्या घरचा नाही, म्हणून आम्हांला त्याविषयी आपुलकी आहे. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ साली व्यायामाची संस्था काढली. लंडनमध्ये १८९४ साली चार परिचारिकांनी, अंग रगडण्याच्या कामाची बदनामी होत होती म्हणून, आपली संघटना बांधली. भौतिकोपचारकांची तेथील सनदी संस्था तिच्यातूनच वाढली. म्हणजे तिचा आरंभही एका युनियनसारखाच. पहिल्या महायुद्धात छातीला गोळी लागलेल्या शिपायांना श्वासाचे व्यायाम शिकविले गेले, आणि १९३४ पासून ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन या बाई छातीच्या शस्त्रक्रियेच्या रोग्यांना फुप्फुसाचा नेमका कोणता भाग फुगवावयाचा ते हात ठेवून शिकवू लागल्या. आपल्याकडे भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईला के. ई. एम. मध्ये निघाले ते पोलिओच्या साथीमुळे. तेथून हाकेच्या अंतरावर गिरण्या होत्या.

चालण्याच्या परीक्षेचा उगम तर विमानदळात आहे. केनेथ कूपर या अमेरिकन विमानदळाच्या डॉक्टरने १९६८ साली सैनिकांसाठी बारा मिनिटे धावण्याची कसोटी प्रसिद्ध केली. १९७६ साली मॅकगॅव्हिन, गुप्ता व मॅकहार्डी यांनी धावणे काढून टाकले आणि जुनाट खोकल्याच्या रोग्यांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात बारा मिनिटे चालविले. बारा मिनिटे रोग्याला जड जात. १९८२ साली बटलंड आणि सहकाऱ्यांनी सहा मिनिटेही पुरतात असे दाखविले. हृदय दुबळे झालेल्यांनाही ती लागू केली गेली. १९८४ साली कॅनडात गयॅट आणि सहकाऱ्यांच्या ध्यानी आले की बाजूला उभा राहून कोणी 'शाबास' म्हणत राहिला तर रोगी सुमारे ३० मीटर अधिक चालतो. म्हणून २००२ सालच्या नियमांत दर मिनिटाला काय बोलावयाचे ती वाक्ये ठरवून दिली आहेत; त्याहून एक शब्द अधिक नाही. आमच्या गृहस्थांना ती मुलगी रूक्ष वाटली होती. ती बिचारी नियम पाळत होती.

चालण्यापूर्वी तिने जे केले तेही सांगितले पाहिजे, कारण परीक्षा म्हणजे केवळ व्हरांडा नव्हे. तिने त्यांना सदरा काढून बसविले आणि काही वेळ नुसते पाहिले: मानेचे स्नायू श्वासाला ओढत आहेत का, श्वास सोडताना ओठ आपोआप आवळले जातात का. पाऊले सुजली आहेत का ते दाबून पाहिले. फीत लावून छाती किती फुगते ते मोजले. बोटाला ती चिमटी लावली, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वावर रक्तातला प्राणवायू मोजून दाखविला तीच. (काळसर कातडीवर ही चिमटी कधीकधी आहे त्याहून बरा आकडा दाखविते, असे २०२० साली अमेरिकेत आढळले. यंत्रांची ही खोड जात नाही!) आणि स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाने केलेली शून्य ते दहाची पट्टी पुढे धरून विचारले, दम किती लागला, कोणत्या आकड्याइतका? दमाचे माप दमलेल्या माणसाच्याच तोंडून घ्यावयाचे, हा त्या पट्टीचा पाया.

आमच्या गृहस्थांच्या दाव्याला कचेरीने आक्षेप घेतला तो नेमका येथे. स्पायरोमीटरचा आकडा 'मध्यम' आहे. चालणे तर अर्जदाराच्या मर्जीवर. तो मुद्दाम हळू चालला नाही कशावरून? आम्ही त्या मुलीचा कागद पुढे ठेवला. चालण्याआधी चिमटीवर ९४ होते, दुसऱ्यांदा थांबले तेव्हा ८५. पाय मर्जीने हळू टाकता येतात, रक्तातला प्राणवायू मर्जीने उतरवता येत नाही. चालले २४० मीटर, बोर्गच्या पट्टीवर सात.

दावा अजून मंडळापुढे आहे, त्याविषयी अधिक बोलणे योग्य होणार नाही. तो कागद मात्र आम्ही पुष्कळदा वाचला. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने १९६८ साली रोग्याची नोंद कशी लिहावी याची शिस्त घालून दिली. तिच्यात पहिला रकाना रोगी स्वतः काय सांगतो याचा असतो. तपासणाऱ्याने पाहिलेले आणि मोजलेले त्याच्या खाली येते. मुलीने ती शिस्त पाळली होती. आकडे सारे खालच्या भागात होते. वरच्या रकान्यात तिने इंग्रजी बाजूला ठेवून देवनागरीत लिहिले होते: "देवळाच्या निम्म्या पायऱ्यांवर बसतो. बरोबरचे वर जाऊन दर्शन घेऊन येतात, तोवर तिथेच."